डेडलिफ्टचं वजन पटापट वाढवलं आणि कंबर धरली? नवीन जिमवाल्यांसाठी, सोलापुरातून

जिम लावून दोन-तीन महिने झालेत, अंगात जोर आल्यासारखं वाटायलंय, दर आठवड्याला दहा-दहा किलो चढवत डेडलिफ्ट (जमिनीवरचा रॉड उचलून ताठ उभं राहायचा व्यायाम) चाललीय, आणि एका सकाळी अंथरुणातून उठताना कंबर अशी धरते की पँटमध्ये पाय घालायला भिंतीला टेकावं लागतं. ज्यांचं असं झालंय त्यांच्यासाठी लिहितोय. मी सोलापुरातच जिममध्ये नवीन पोरांना शिकवतो, त्यामुळं हे सारखं बघायला मिळतं. पोरगं वाकडं चालत येतं, "सर, कंबर लय दुखायलीय, जिम बंद करू का?" विचारतं, घरच्यांनी तर आधीच बंद कर म्हणून लकडा लावलेला असतो. बहुतेकांना बंद करायची गरज पडत नाही. पण बेल्ट आवळून पुढच्या सोमवारी परत तेवढंच वजन उचलायचं, हे पण चालत नाही. वजन उतरवायचं, हालचाल चालू ठेवायची आणि मग वहीत लिहून हळूहळू परत चढवायचं, काम एवढंच आहे, फक्त क्रमानं करायला लागतं.

आधी हे बघा, मग पुढचं वाचा

लघवी तुंबलीय किंवा न कळत होतेय, संडासवरचा ताबा गेलाय, मांड्यांची आतली बाजू आणि बसायची जागा बधिर पडलीय, दोन्ही पायांतली ताकद कमी झालीय, यातलं एक जरी असेल तर वाचणं थांबवा आणि लगेच निघा, रात्रीचे दोन वाजले असले तरी. मणक्याच्या खालच्या टोकाला नसांचा झुबका असतो, तो दाबला गेला की ऑपरेशनला उशीर परवडत नाही, लघवीवरचा ताबा कायमचा जाऊ शकतो. सिव्हिल सगळ्यांना माहितीच आहे, छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय, तिथला अपघात विभाग रात्री पण चालू असतो. पोरं लघवीचं सांगायला लाजतात, डॉक्टरला नुसतं कंबर दुखतेय म्हणतात आणि खरी गोष्ट राहून जाते. तसं करू नका, स्पष्ट सांगा. एका पायाचा पंजा वर उचलेना, चालताना चप्पल निसटायलीय, हे असेल तर ते पण त्याच दिवशी दाखवायचं.

सोबत ताप आहे, काही न करता वजन उतरलंय, आधी कॅन्सर होऊन गेलाय, गाडीवरून पडलाय, किंवा कसंही झोपलं तरी रात्रभर ठणका थांबत नाही, तर जिमवर खापर फोडून घरी बसू नका, एक-दोन दिवसांत डॉक्टर गाठा.

यातलं काहीच नाही, कमरेत पट्ट्यासारखं आखडलंय, वाकताना चमक येते, कुल्ल्यापर्यंत दुखतंय, तर पुढचं तुमच्यासाठी आहे. दुखणं गुडघ्याच्या खाली पायात उतरलंय, शिंकताना-खोकताना पायात कळ जाते, तर नस चिडलेली असू शकते. ते पण बहुतेकांचं ऑपरेशनशिवाय बरं होतं पण वेळ जास्त लागतो, त्यामुळं एकदा डॉक्टरला दाखवून मगच व्यायामाकडं वळा.

नेमकं झालं काय

कमरेत पाच मणके, मध्ये गाद्या, बाजूनं स्नायू आणि बंध. यातलं नेमकं काय दुखावलंय हे बऱ्याचदा डॉक्टरला पण ठामपणे सांगता येत नाही, आणि सुरुवातीचे उपचार त्यानं फारसे बदलत पण नाहीत. समजून घ्यायची गोष्ट वेगळीच आहे. नवीन माणसाची ताकद पहिल्या काही आठवड्यांत भराभर वाढते ती मुख्यतः मेंदू आणि नसा स्नायूंना कामाला लावायला शिकतात म्हणून, स्नायू नंतर भरतात, आणि बंध, गाद्या यांना तर त्याहून जास्त वेळ लागतो कारण त्यांना रक्तपुरवठा कमी असतो. म्हणजे रॉड तर उचलला जातो पण ज्यांच्या भरवशावर उचलायचा ते अजून तयार झालेले नसतात.

एक हिशेब मांडून बघा. समजा महिन्यापूर्वी तुम्ही 60 किलोनं 8 चे 3 सेट (सलग 8 वेळा उचलायचं, असं 3 वेळा) मारत होता, आठवड्यातून एकदा. 60 गुणिले 24, झाले 1440 किलो. आता 90 किलोनं 5 चे 5 सेट चाललेत आणि ते पण आठवड्यातून दोनदा. 90 गुणिले 25 म्हणजे 2250, दोनदा म्हणून 4500. रॉडकडं बघितलं तर 30 किलोच वाढलेत, पण आठवड्याचं काम तिपटीहून जास्त झालंय. कंबर कशानं धरली याचं उत्तर बहुतेक वेळा इथंच सापडतं, त्यामुळं एक साधी वही घ्या आणि मागच्या महिन्याचं आठवेल तेवढं लिहून काढा. फॉर्म चुकला का, शूज चुकले का, हे नंतर बघू.

पोलीस भरतीच्या पोरांचं हे जास्त होतं. जाहिरात निघाली की 1600 मीटर, 100 मीटर, गोळाफेक, सगळं एकदम सुरू, आणि वरून गोळा लांब जावा म्हणून रात्री जिममध्ये डेडलिफ्ट. कमरेला हे सगळं एकाच खात्यात जमा होतं. आपल्याकडं सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत सात नंदीध्वज (उंच, जड काठ्या) 68 लिंगांच्या प्रदक्षिणेला निघतात, ते पेलणारी माणसं काही संक्रांतीलाच पहिल्यांदा हात लावत नाहीत, आधी कितीतरी दिवस सराव चाललेला असतो. रॉडला पण तोच नियम लावा.

पहिले दोन-तीन दिवस

अंथरूण धरून बसू नका. आधी आठ-आठ दिवस सक्तीची विश्रांती सांगायचे, आता जगभरात उलटं सांगतात, जेवढं झेपेल तेवढं हिंडा-फिरा, कारण पडून राहिलं की कंबर अजून आखडते. खूपच दुखत असेल तर पहिला दिवस थोडं जास्त पडा, पण तासाभरानं उठून घरातल्या घरात पाच मिनिटं चालायचं.

उठताना सरळ पुढं झटका देऊन उठू नका. आधी कुशीवर वळा, गुडघे जवळ घ्या, पाय पलंगावरून खाली सोडा, मग हातानं गादी ढकलत वर या. पाठीवर झोपत असाल तर गुडघ्याखाली उशी किंवा घडी घातलेली चादर, कुशीवर झोपत असाल तर दोन गुडघ्यांच्या मध्ये. फरशीवर झोपलं की कंबर बरी होते असं घरोघरी सांगतात, पण मध्यम कडक गादी जास्त बरी, आणि खाली झोपलं की उठतानाच जास्त त्रास होतो.

गरम पाण्याची पिशवी पंधरा-वीस मिनिटं, टॉवेलमध्ये गुंडाळून. बर्फानं बरं वाटत असेल तर बर्फ लावा, त्यात काही बिघडत नाही. एकच लक्षात ठेवा, बाम चोळून त्याच्यावर गरम पिशवी ठेवायची नाही, कातडी भाजते.

टू-व्हीलर शक्यतो टाळा, खड्डे आणि स्पीडब्रेकरवर कंबरेला जे दणके बसतात ते या दिवसांत फार लागतात. संडासला कुंथायला लागू नये म्हणून पाणी, पालेभाजी, भाकरी नीट खा, कुंथताना कमरेवर चांगलाच दाब येतो. आणि गणपतीचे दिवस असतील, मंडळात लेझीम चालू असेल, तर हे दोन-तीन आठवडे ताशाजवळ उभं राहून बघा. लेझीममध्ये दर ठेक्याला वाकणं-उठणं आहे, अर्ध्या तासात ते शेकडो वेळा होतं.

गोळ्या, आणि उसण काढणारे

मेडिकलमधून आणलेल्या आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, एसिक्लोफेनॅक या गोळ्यांनी दुखणं कमी होतं, पण त्या डॉक्टरला विचारून, जेवल्यावर, थोडे दिवसच. नुसत्या पॅरासिटॅमॉलचा कंबरदुखीला फारसा फायदा होत नाही. सोलापूरच्या उन्हाळ्यात अजून एक धोका आहे जो कुणी सांगत नाही, पारा चाळिशीच्या वर, जिममध्ये घामाच्या धारा, अंगातलं पाणी कमी झालेलं आणि त्यात या गोळ्या, तर किडनीवर ताण येतो. ज्यांना अल्सर, बीपी, हृदयाचा किंवा किडनीचा त्रास आहे त्यांनी तर स्वतःच्या मनानं घेऊच नयेत. आणि गोळी खाऊन दुखणं दाबून त्याच दिवशी डेडलिफ्ट मारायची, हे अजिबात नाही. दुखणं हीच या वेळी तुमची मोजपट्टी आहे, ती झाकून कशी चालेल.

जिमच्या कोपऱ्यात कुणी दमच लागत नाही असं म्हणत इंजेक्शन देऊ केलं तर हात पण लावू नका. असल्या नावाखाली मेफेंटरमाइन विकलं जातं, ते ऑपरेशनच्या वेळी पडलेलं बीपी वर आणायचं औषध आहे, त्यानं दमल्याचं कळत नाही आणि हृदयावर बेतू शकतं.

आता उसण. पायाळू माणसाकडून कमरेला पाय लावून घ्यायचा ही आपल्याकडची जुनी पद्धत, आजीनं सांगितलं म्हणून हलकासा पाय लावून घेतलात तर काही होत नाही. पण कुणी कमरेवर उभं राहणार असेल, किंवा दोन्ही खांदे धरून कंबर कडकन मोडून देतो म्हणत असेल, तर नको म्हणा, विशेषतः पायात कळ जात असेल तेव्हा. हलक्या हाताचं तेल-मालीश चालेल, तेवढ्यापुरतं बरं वाटतं आणि बरं वाटलं की चालायला हुरूप येतो.

एमआरआयची घाई सगळे करतात. वर सांगितलेली धोक्याची लक्षणं नसतील तर पहिल्या काही आठवड्यांत त्याचा उपयोग कमी आणि भीतीच जास्त. 2015 मध्ये बऱ्याच अभ्यासांची आकडेवारी एकत्र करून बघितली होती, त्यात ज्यांची कंबर अजिबात दुखत नाही अशा विशीतल्या लोकांत पण साधारण 30 टक्के जणांच्या रिपोर्टमध्ये गादी फुगलेली दिसत होती, आणि ऐंशीच्या घरातल्या लोकांत 84 टक्के. त्यामुळं रिपोर्टमध्ये डिस्क बल्ज वाचलं म्हणजे आयुष्यभराचं वजन उचलणं संपलं असं धरून चालू नका.

तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून चालायला लागा

चालणं हे सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात कामाचं. सुरुवातीला दहा मिनिटं दिवसातून तीनदा, मग वाढवत अर्ध्या तासापर्यंत. विजापूर रोडकडचे असाल तर कंबर तलावाला जा, गावातले होम मैदानावर, सपाट जागा असली म्हणजे झालं. ऑस्ट्रेलियात नुकत्याच कंबरदुखीतून उठलेल्या लोकांवर एक अभ्यास झाला, तो 2024 मध्ये छापून आला. फिजिओच्या सल्ल्यानं चालत राहिलेल्यांना परत त्रास व्हायला साधारण 208 दिवस गेले, न चालणाऱ्यांना 112. एवढ्या साध्या गोष्टीचा एवढा फरक.

सोबत तीन व्यायाम, कॅनडातले मणक्याचे अभ्यासक स्टुअर्ट मॅकगिल यांनी रुळवलेले. एक, पाठीवर झोपून एक गुडघा दुमडलेला, हात कमरेच्या खोलगट जागेखाली, आणि डोकं-खांदे फक्त थोडेसे वर, सिट-अपसारखं पूर्ण उठायचं नाही. दुसरा साइड प्लँक, जमत नसेल तर गुडघे टेकवून. तिसरा बर्ड डॉग, म्हणजे हाता-पायावर रांगायच्या स्थितीत उजवा हात पुढं, डावा पाय मागं, मग उलटं. प्रत्येक वेळी दहा सेकंद धरा, पहिल्या सेटला 6 वेळा, मग 4, मग 2. बर्ड डॉग करताना कमरेवर पाण्याचा पेला ठेवलाय आणि तो सांडायचा नाही असं समजून करा, पोरं पाय छताकडं फेकतात आणि कंबर वाकवतात, तिथंच सगळा फायदा जातो.

दुखणं किती चालेल? शून्य ते दहा असा आकडा मनात धरा. व्यायाम करताना 3 पर्यंत गेलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत परत खाली आलं तर चालू ठेवा. 5 झालं किंवा दुसऱ्या दिवशी जास्त आखडलं तर कालचं जास्त झालं, तेवढं कमी करा. आकडा वहीत लिहा.

सकाळचं एक सांगायचं राहिलं. रात्रभर झोपल्यावर मणक्यांमधल्या गाद्या पाणी शोषून फुगलेल्या असतात, त्यामुळं उठल्यावर पहिला तासभर वाकण्याचा ताण त्यांच्यावर जास्त येतो. आपल्याकडं उन्हाळ्यात लोक पहाटे साडेपाचला जिम उघडायची वाट बघत उभे असतात आणि आत शिरल्या शिरल्या रॉडला वाकतात. कंबर दुखत असेल तोपर्यंत डेडलिफ्ट आणि सूर्यनमस्कार दोन्ही संध्याकाळवर ढकला, नाहीतर उठल्यावर तासभर हिंडून मग जा.

काठी घेऊन वाकायला शिका

पहिल्या आठवड्यानंतर, दुखणं 2-3 वर आलं की हे सुरू करा. घरातली झाडूची किंवा कळकाची काठी पाठीला उभी लावा, डोक्याचा मागचा भाग, दोन खांद्यांच्या मधला भाग आणि माकडहाड, या तीन ठिकाणी ती टेकलेली पाहिजे. आता गुडघे थोडेसे सैल सोडून कुल्ले मागं न्या, मागच्या भिंतीला कुल्ले टेकवायचेत असं समजून. तिन्ही ठिकाणं टेकलेली राहिली तर वाकणं कुल्ल्यातून होतंय, एक जरी सुटलं तर कमरेतून. 10-10 चे दोन-तीन सेट, रोज. कंटाळवाणं आहे, पण ज्यांनी हे मनापासून केलं त्यांचं रॉडवर परत येणं सोपं जातं, हे मी खात्रीनं सांगतो.

श्वासाचं पण आत्ताच शिका. पोटात श्वास भरा, कुणीतरी पोटात बुक्की मारणार आहे असं समजून पोट चहूबाजूंनी घट्ट करा आणि मग वाका. बेल्ट याच कामाला असतो, पोटानं ढकलायला त्याला काहीतरी मिळावं म्हणून. दुखणारी कंबर बांधून ठेवायला तो नाही. ज्यांना बीपीचा त्रास आहे त्यांनी श्वास दाबून धरू नका, उचलताना हळूहळू सोडा.

रॉडवर परत

तोपर्यंत जिम बंद ठेवायची का? नाही. लॅट पुलडाउन, बाकाला छाती टेकवून मारायचा रो, बेंच प्रेस, स्प्लिट स्क्वॉट हे चालतं. वाकून मारायचा बारबेल रो, खांद्यावर रॉड घेऊन पुढं वाकायचा गुड मॉर्निंग, सिट-अप आणि खूप खोल लेग प्रेस टाळा, लेग प्रेसमध्ये गुडघे छातीशी आले की कंबर गोल होते आणि ते कळत पण नाही. तालमीत जाणाऱ्यांनी बैठका अर्ध्यापर्यंत माराव्यात, जोर थोडे दिवस थांबवावेत. आणि सेटमधलं सगळं नीट करून शेवटी प्लेट उचलून स्टँडला लावताना तिरकं वाकायचं, यात पण कंबर जाते. 20 किलोची प्लेट पण डेडलिफ्ट समजूनच उचला.

डेडलिफ्ट सुरू करताना आधी डंबेल किंवा केटलबेल, 10-12 किलोचं, उंच ठोकळ्यावर ठेवून. मग रिकामा रॉड. चांगला मोठा रॉड 20 किलोचा असतो, पण लहान जिममध्ये हलके रॉड पण असतात, एकदा काट्यावर ठेवून बघा, नाहीतर वहीतला हिशेबच चुकतो.

आता एक गोष्ट जी नवीन माणसाला कुणी दाखवत नाही. मोठ्या जाड प्लेटचा व्यास 45 सेंटिमीटर असतो, ती लावली की रॉड जमिनीपासून साडेबावीस सेंटिमीटरवर राहतो. पण आपल्या जिममधल्या 5 आणि 10 किलोच्या लोखंडी प्लेट लहान असतात, त्या लावल्या की रॉड पार घोट्याजवळ येतो, म्हणजे ज्याचं वजन सगळ्यात कमी त्यालाच सगळ्यात जास्त वाकायला लागतं. यावर उपाय सोपा, दोन्ही बाजूच्या प्लेटखाली जुन्या प्लेट आडव्या रचून रॉड नडगीच्या मध्यापर्यंत वर आणा. कंबर बरी होईपर्यंत गुडघ्याच्या जरा खालूनच उचला, मग आठवड्या-आठवड्यानं एकेक प्लेट कमी करत खाली जा.

वजन कुठून सुरू करायचं, तर कंबर धरली तेव्हा जे उचलत होता त्याच्या अर्ध्यावरून. 90 असेल तर 45. 8 चे 3 सेट, आठवड्यातून एकदाच, दोन-तीन रेप (उचलण्या) अजून निघाले असते असं वाटत असतानाच रॉड खाली ठेवायचा. दुसऱ्या दिवशी आकडा 3 च्या आत असला तरच पुढच्या आठवड्यात वाढवा, अडीच किलो, फार तर पाच. पाच-पाच किलोनं गेलात तरी 90 ला पोचायला 9 आठवडे लागतात. लागू दे. आणि वजन वाढवलं त्या आठवड्यात सेट वाढवायचे नाहीत, सेट वाढवले तर वजन नाही, दोन्ही एकदम वाढवलं की परत वरचा तिपटीचा हिशेब.

पाण्याचा दिवस मोजा

नळाला पाणी येतं त्या दिवशी आपल्याकडं घरातल्या धट्ट्याकट्ट्या पोराला कोण सोडतं. बॅरल, टाकी, खालून वर बादल्या. 15 लिटरची बादली म्हणजे 15 किलो, वाकून उचलायची, तिरकं वळून ओतायची, आणि अशा तीस-चाळीस बादल्या. हे सगळं कमरेच्या खात्यावर जातं. पाण्याच्या दिवशी डेडलिफ्ट ठेवू नका, आणि बादल्या अर्ध्या भरा, दोन हातात दोन घ्या म्हणजे दोन्ही बाजूला भार सारखा येतो, ओतताना कमरेतून वळण्यापेक्षा पाय फिरवा. कारखान्यात काम करणाऱ्यांचं पण तेच, पाळीत सूत गुंडाळलेले बीम, सुताची पोती उचलली असतील तर त्या दिवशी जिममध्ये छाती-हात मारा.

सुधारतंय का, आणि परत धरली तर

बहुतेकांना पहिल्या दोन आठवड्यांत चांगला फरक पडतो, चार ते सहा आठवड्यांत बऱ्यापैकी बरं होतं. मध्ये एखादा दिवस वाईट जातो, त्यानं घाबरू नका. दुखणं पायातून वर सरकत कमरेपुरतं उरलं तर ते सुधारल्याचंच लक्षण आहे, कमरेत थोडं जास्त वाटलं तरी. उलट कमरेचं दुखणं कमी होऊन पायात खाली उतरायलंय तर वजन थांबवा आणि दाखवून घ्या.

परत धरली तर वहीची मागच्या दोन आठवड्यांची पानं काढा, झोप किती झाली, पाण्याचा दिवस कधी होता, कुठं एकदम उडी मारली, बघा. मग दोन पायऱ्या मागं या आणि आठवडा-दहा दिवस तिथंच रहा, पहिल्यापासून सगळं करायची गरज नाही. दोन आठवड्यांत काहीच फरक नाही, किंवा सहा आठवडे उलटले तरी दुखणं तसंच आहे, तर फिजिओथेरपिस्टकडं जा, शक्यतो ज्याला खेळाडूंसोबत काम करायची सवय आहे असा बघा, आणि जाताना ती वही सोबत न्या. किती किलो, किती सेट, किती दुखलं हे त्यांना तारखेसकट वाचायला मिळालं की निम्मं विचारणं तिथंच संपतं.